उतारावरचा घाम

चढ चढताना जगात सगळ्यांनाच घाम येतो. उतार उतरताना घामाने निथळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे मोठे साडू होते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दादा म्हणायचो आणि ते मला साडभाऊ म्हणायचे. वयाने मी बराच लहान, पण जावयाला अरेतुरे करायचं नाही म्हणून मला कायम 'तुमी' म्हणायचे आणि त्या 'तुमी'त जेवढा म्हणून उपहास घालता येईल तेवढा घालायचे. त्यांचं घर तुमसरला विणकरांच्या मोहल्ल्यात. मी साकोलीला तालुक्याच्या कचेरीत कारकून. वर्षातून चार-पाच वेळा एसटीने त्यांच्याकडे जायचो, आणि दर खेपेला त्यांच्या सायकलीविषयी काहीतरी नवं ऐकून यायचो. माणूस तसा गरीब, निर्व्यसनी, देवभोळा. जे काही खूळ होतं ते सगळं त्या सायकलीत एकवटलेलं होतं.

ती सायकल त्यांच्याकडे कशी आली ते आधी सांगतो. सत्तरच्या आसपास आमच्याकडे गावोगाव सायकलवाले यायचे. शाळेच्या मैदानाच्या मधोमध बांबू रोवायचा, त्यावर भोंगा बांधायचा आणि सात दिवस सात रात्री जमिनीला पाय न लावता त्या बांबूभोवती सायकल फिरवायची, असा त्यांचा खेळ. अंघोळ सायकलीवर, दाढी सायकलीवर, जेवण सायकलीवर. लोक कामधंदा आटोपून बघायला जायचे. दादा कामधंदा टाकून गेले. सात दिवस ते मैदानाच्या कडेला बसून होते; सायकलवाला झोपेने पेंगायला लागला की हेच हाका मारून त्याला जागं करायचे. सातव्या दिवशी तो माणूस खाली उतरला, हार घातला गेला, गर्दी पांगली, आणि दादांच्या लक्षात आलं की कडेला चूल मांडून बसलेल्या त्याच्या बायकोच्या लुगड्याच्या फाटून चिंध्या झालेल्या आहेत. ते घरी गेले, वडिलांच्या मागावरून नुकती उतरलेली दोन लुगडी काखेत मारली आणि ती देऊन सायकल घेऊन आले. वडिलांनी विचारलं, "लुगडी कुठी हायत?" दादांनी बोट सायकलीकडे केलं. पुढे किती दिवस त्या घरात बोलचाल बंद होती याबद्दल दोन मतं आहेत.

आता त्या सायकलीतली मेख. साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक टिकटिक करत आपलं पुढे जात राहतं, म्हणून तर उतारावर आपण पाय सैल सोडून वारा खात बसतो. खेळ करणाऱ्याला ते चालत नाही. त्याला सायकल उलटी चालवायची असते, जागच्या जागी उभी करायची असते. त्या सायकलवाल्याने फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून ते कायमचं गप्प केलं होतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच आणि पायडल अडवलं की चाक अडणारच. थांबायचं तर पाय उलटे दाबायचे; म्हणून सायकलीला ब्रेक नव्हते. घंटी नव्हती, मडगार्ड नव्हतं. लुगड्यांचा गठ्ठा बांधायला कॅरियर तेवढा दादांनी नंतर बसवून घेतला.

कारण त्यांचा धंदाच तसा होता. आठवड्यातले चार दिवस मागावर लुगडी विणायची आणि उरलेल्या दिवसांत ती सायकलवर लादून आंबागडच्या पलीकडच्या, नाकाडोंगरीच्या अंगाच्या जंगलातल्या गावांत विकायची. मधे एक टेकडी लागायची. तिच्या वाटेला लोक 'बैलथकवी' म्हणत, आणि ते नाव कोणी गंमत म्हणून ठेवलेलं नव्हतं. गाडीवान तिथे उतरून चाकाला खांदा लावायचे. सायकलवाले तर पायथ्याशीच उतरून मुकाट ढकलत न्यायचे. दादांचा नियम एकच, चढावर उतरायचं नाही. पायथ्याशी सुपारीचं खांड तोंडात टाकायचं, आणि ते संपायच्या आत माथा गाठायचा. मागे गठ्ठा, खाली खडी, तोंडात सुपारी, आणि चेहऱ्यावर देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाचा शांतपणा. खरी गंमत माथ्यावर. बाकीचे लोक तिथून सायकलीवर टांग मारून भुर्रकन निघून जायचे आणि दादा मात्र पाय उलटे रोवत, दात आवळत, एकेक हात जमीन लढवत उतरायचे. जितका वेळ चढायला, त्याहून जास्त उतरायला. खाली पोचेपर्यंत सदरा पिळून काढावा इतका ओला.

लग्नानंतर एकदा त्यांनी मलाही सोबत नेलं. एसटीच्या टपावर टाकून आणलेली माझी सायकल म्हणजे दोन्ही ब्रेक, घंटी, दिवा, चेनला पत्र्याचं झाकण. तिच्याकडे पाहून ते म्हणाले, "ही सायकल हाय का नवी नवरी? जागोजागी थांबून रायली." मी पहिल्या वळणावरच उतरलो. ते न थांबता वर गेले, आणि मी धापा टाकत माथ्यावर पोचल्यावर मला समजावून सांगू लागले. "साडभाऊ, चढावर सायकल तुमाले थांबवते. उतारावर तुमी सायकलले थांबवा लागते. जोर त दोनीकडं येकच लागते. मंग चढालेच काहून भेता?"

पाय थांबणं हा प्रकारच त्यांना माहीत नव्हता. सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले की पायांखालच्या पट्ट्या वरखाली, वरखाली. तिथून उठले की सायकल. संध्याकाळी खाटेवर बसून माझ्याशी बोलताना पाय खाली सोडलेले आणि ते हवेत गोल गोल फिरताहेत. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसवलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा; मठ्ठा येईपर्यंत कसेबसे दम धरायचे. झोपेतसुद्धा पाय चालू असायचे. ताई, म्हणजे माझी मेहुणी, एकदा वैतागून म्हणाल्या, "सपनात बी आंबागडलेच जाते हा मानूस. मले येकटीले घरी ठेवून जाते."

माझं लग्न जमलं ते या सायकलीमुळे, हे सांगितलं तर खोटं वाटेल. आपल्याकडे रस्त्यात वडीलधारं माणूस समोरून आलं की सायकलीवरून उतरायचं, रामराम घालायचा, चार पावलं सायकल हातात धरून चालायचं, असा रिवाज होता. सासरा असेल तर प्रश्नच नाही. आमचे सासरे एकदा आंबागडकडचं कुठलंसं लग्न आटोपून बैलथकवी पायी उतरत होते आणि समोरून दादा चढत येत होते. एकीकडे सासरा, दुसरीकडे चढ. दुसरा कोणी असता तर मुकाट उतरला असता. दादांनी पायडलं आडवी धरली, पुढचं चाक तिरपं केलं आणि त्या सायकलवाल्यासारखी सायकल जागच्या जागी उभी केली. एक हात हँडलवर, दुसरा कपाळाला. "रामराम मामाजी. घरी सगळे बरे हायत ना?" सासरे पाहतच राहिले. या माणसाने सीटवर बसल्या बसल्या सासूच्या सांधेदुखीची चौकशी केली, धानाच्या रोवणीचं विचारलं, घरी येऊन जाण्याचा आग्रह केला. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "जावई, तुमी उतरले नाई." दादा म्हणाले, "मान मनात हाय मामाजी. उतरलो त चढ खराब होते." सासरे पुढची तीन वर्षं त्यांच्याशी थेट बोलले नाहीत, काय ते ताईमार्फत. मग धाकट्या मुलीसाठी मला पाहायला आले तेव्हा पगार, शेती, गोत्र सगळं बाजूला ठेवून त्यांनी पहिलं विचारलं, "सायकल चालवता काय जी?" मी म्हणालो, कचेरीत जायला चालवतो. "चढावर उतरता का?" मी खरं तेच सांगितलं, की उतरतो. सासऱ्यांनी तिथेच सुपारी फोडली.

या सायकलीला वर्षातून एक दिवस सुट्टी मिळायची, पोळ्याला. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. दादांकडे बैल नव्हते, तेव्हा जो काही बैल होता तो हाच. सकाळी तिला नदीवर नेऊन धुवायची, हँडलला गेरू फासायचा, मागावरच्या उरल्यासुरल्या जरीची झूल सीटवर घालायची आणि संध्याकाळी तोरणाखाली गावच्या बैलांच्या रांगेत नेऊन उभी करायची. पहिल्या वर्षी शेतकरी हसले. नंतर नंतर रांगेतली शेवटची जागा लुगडेवाल्याच्या सायकलीची म्हणून कोणी अडवेनासं झालं. ताई आरती घेऊन सायकलीला ओवाळायच्या, आणि ओवाळताना तोंड दुसरीकडे करायच्या. पण ओवाळायच्या.

असं हे पंधरा-एक वर्षं सुखाने चाललं. मग एका पावसाळ्यात बैलथकवीच्या उतारावर दादांचा पाय घसरला. साध्या सायकलीवर पाय घसरला तर फार तर तोल जातो. या सायकलीचं पायडल मात्र चाकाबरोबर पंख्यासारखं फिरतच राहतं. त्याने नडगीवर असे तडाखे दिले की हाड दिसलं. दादा तसेच घरी आले आणि काट्याने खरचटलं म्हणून सांगू लागले. डॉक्टरांनी टाके घातले, वर हेही सांगितलं, की उतारावर पाय रोवून रोवून गुडघे गेले आहेत. आता पाय घसरला की हा माणूस सरळ नाल्यात जाणार. दादा तेव्हा पंचेचाळिशीला टेकलेले. महिनाभराने जखम भरली आणि हे पुन्हा गठ्ठा बांधू लागले.

पोळ्याला मी तुमसरला गेलो तेव्हा ताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पुरण वाटता वाटता त्या म्हणाल्या, "भाऊजी, माहं त आयकत नाई थे. तुमी त्यायच्या सायकलले साधं चाक लावून द्या ना. चढाले जाते त मले काई वाटत नाई. पन उतराची येळ झाली का माहा हात चालत नाई मागावर. आज पडते का उद्या पडते, असं होते." असं म्हणून त्यांनी पुन्हा वाटायला सुरुवात केली. ताई कधी कोणाकडे काही मागणाऱ्यातल्या नव्हत्या. मला एकदम भरून आलं. शिवाय मी कचेरीतला माणूस. कोणतीही अडचण मधल्यामध्ये, ज्याची त्याला कळू न देता सोडवता येते, यावर माझा फार विश्वास.

दुपारी पुरणपोळ्या हाणून दादा झोपले. पाय चालू होतेच. मी झूल उतरवली आणि सायकल पूजेसाठी तेलपाणी करायला नेतो असं शेजाऱ्यांना सांगून चौकातल्या सायकल मिस्त्रीच्या घरी नेली. तो सणाचा म्हणून दुकान बंद करून बसला होता. "जमाईबाबू, आज तो त्योहार है," असं दोनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा हातोडी घेऊन आला. वेल्डिंग मारलेलं ते जुनं फ्रीव्हील निघता निघेना. शेवटी निघालं तेव्हा मिस्त्रीने ते तळहातावर घेऊन वजन केल्यासारखं हलवलं आणि डब्यात टाकलं. नवं बसवलं. "ब्रेक का सामान घर में नहीं है. कल सुबह दुकान पे ले आना, लगा दूंगा." मी म्हणालो, ब्रेकचं सावकाश पाहू, मुख्य काम झालं. परत येताना मागचं चाक टिकटिक करत होतं. मला तो आवाज फार गोड वाटला. सायकल तोरणाला गेली, ओवाळून परत आली, आणि वाजंत्र्यांच्या गलक्यात मीच ती ढकलत नेल्या-आणल्यामुळे दादांना त्या दिवशी काही कळलं नाही. ताईंना मी नुसती मान हलवून झालं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा दादा निघून गेले होते. पुढे सणवार होते, लुगडी खपायचे दिवस होते. ताई चहा गाळत होत्या. चेहरा रात्रभर गाढ झोपल्यासारखा. "काई नाई बोलले," त्या म्हणाल्या. "चूपचाप बसले अन् गेले." मी मोठ्या समाधानाने चौकात गेलो. मिस्त्रीने दुकान उघडलं होतं आणि ब्रेकची तार हातात घेऊन तो माझीच वाट पाहत होता. "लाओ बाबू, सायकल कहाँ है?" मी म्हणालो, ते तर केव्हाच गेले, बैलथकवीकडे. त्याचा हात तसाच राहिला. "फिर रोकेंगे किससे?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पंधरा वर्षं हा माणूस पाय उलटे दाबून सायकल थांबवत आला होता. त्याला दुसरी रीत माहीत नव्हती, आणि सायकलीला ब्रेक नव्हते. आज बैलथकवीच्या उतारावर ते नेहमीसारखे पाय दाबतील, आणि पाय रिकामे मागे फिरतील. मागे गठ्ठ्याचं ओझं, खाली चिखल, आणि बाजूला डॉक्टरांनी सांगितलेला तो नाला. मी गुडघे वाचवायला गेलो होतो आणि माणूस घालवून बसलो होतो. तोही सणाच्या दुसऱ्या दिवशी, आणि ताईंना मान हलवून.

मिस्त्रीच्या दुकानातली किरायाची सायकल मी काढली आणि निघालो. वाटेत काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. आंबागडचा किल्ला ढगात होता एवढं आठवतं. मी ताईंना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं. देवाला नवस बोलत होतो, आणि कोणत्या देवाला काय बोललो हे विसरून पुन्हा दुसऱ्याला बोलत होतो. पायथ्याशी एक गुराखी दिसला. त्याला विचारलं, लुगडेवाले दिसले का? तो म्हणाला, "गेले ना जी वरतं, कवाचेच." वर गेले होते म्हणजे पलीकडे उतरले असणार. मी पुढे निघालो.

माथ्यावर मोहाचं एक मोठं झाड आहे. त्याच्याखाली लुगड्यांच्या गठ्ठ्यावर दादा बसले होते. धडधाकट. सायकल समोर उलटी करून ठेवलेली, आणि ते हाताने पायडल मागे फिरवून टिकटिक ऐकत होते. मी सायकल टाकली आणि चिखलातच बसकण मारली. छाती भात्यासारखी हलत होती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. तेवढी ताकदच नव्हती. इतकं सुटल्यासारखं मला पुन्हा कधी वाटलं नाही, मुलगा परीक्षेत पास झाला तेव्हासुद्धा नाही.

दादा माझ्याकडे बघत होते, पण माझ्या तोंडाकडे नाही. "साडभाऊ," ते हळूच म्हणाले, "तुमी कुठंच उतरले नाई?"

मला कळेना काय म्हणतात ते. मग लक्षात आलं. आख्खी बैलथकवी मी सीटवरून न उतरता चढून आलो होतो.

"वरून पाहून रायलो होतो," ते म्हणाले. "त्या वळनावर उतरतील म्हटलं. नाई उतरले. मंग खडीत उतरतील म्हटलं. तठी बी नाई." त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी काय केलं आहे आणि कशाला आलो आहे, याची चौकशी करायचं ते विसरूनच गेले. शेवटी मीच कबूल केलं. ते म्हणाले, "मालूम हाय. गल्लीच्या तोंडाशीच समजलं. म्हैस आडवी आली, पाय दाबला, पाय गेला रिकामा. म्हशीलेच जाऊन टेकलो. थे बिचारी उभी रायली म्हनून."

"मग परत का नाही फिरलात?"

"मागं पायलं. तुमची ताई दारात उभी होती. हासून रायली होती. मी जाताना थे कवा हासली, मले आठवत नाई. म्हटलं, जाऊ दे."

चढायला काही फरक पडत नाही, ते पुढे सांगू लागले. पाय पुढेच मारायचे असतात. वर आल्यावर समजलं की आता उतरायचं कसं. थांबवायला काही नाही, तेव्हा बसून जाता येत नव्हतं. ढकलत न्यावी, तर खालच्या गावातून सबंध उतार दिसतो. पंधरा वर्षांत त्या लोकांनी त्यांना या वाटेवर पायी पाहिलेलं नव्हतं. "पैदल दिसलो त म्हनतील, लुगडेवाला खपला. दोन घंटे झाले, इचारच करून रायलो." दोन तास हा माणूस माथ्यावर अडकून पडला होता, घसरण्याच्या भीतीने नव्हे, कोणी चालताना पाहील म्हणून.

मग ते उठले, सायकल सुलटी केली, गठ्ठा आवळला. "चाला. आता जमते. पाहुना भेटला त मानूस उतरतेच."

मी म्हणालो, "पण दादा, मी लहान. मोठ्या साडूने लहान साडूसाठी उतरायचं नसतं."

सासरे दोनच वर्षांपूर्वी गेले होते. दादांनी हँडल धरलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मामाजीसाठी उतरलो नाई. त्यायच्या जावयासाठी उतरतो. पोचते त्यायले."

आम्ही दोघं सायकली हातात धरून बैलथकवी उतरलो. मागचं चाक टिकटिक करत होतं आणि दादा दर दहा पावलांनी त्याच्याकडे रागाने बघत होते. खालच्या गावातली एक म्हातारी दारात उभी होती. "काहून जी, आज पैदल?" दादांनी माझ्याकडे हात केला. "साडभाऊ आले ना साकोलीवरून. उतरा लागते." म्हातारीला ते पटलं. तिने खाट टाकली, मला काळा चहा दिला, आणि मी एवढा चिखलाने का माखलो आहे हे शेवटपर्यंत विचारलं नाही. दादांनी त्या दिवशी गठ्ठ्यातली एकूण एक लुगडी विकली, आणि प्रत्येक घरी माझी ओळख करून देताना बैलथकवी न उतरता चढणारे आमचे साडभाऊ अशीच करून दिली.

संध्याकाळी घरी ताईंसमोर तह झाला. नवं चाक दादांना नको होतं. "पाय लोंबकळत ठेवून जाचं असन त मी बैलबंडीतच बसन ना," असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणाल्या, मग निदान ब्रेक तरी लावा. दादा म्हणाले, लावतो, पन हात लावनार नाई. ताई म्हणाल्या, लावून त ठेवा. मिस्त्रीने डब्यातलं ते जुनं, वेल्डिंगचं फ्रीव्हील परत बसवलं आणि पुढच्या चाकाला ब्रेक लावला. त्यानंतर मी कधीही गेलो की दादा मला अंगणात नेऊन ब्रेकचे रबर दाखवायचे. "पाहा, कोरे. शपथ घेतली ते घेतली." खरोखर कोरेच असायचे. ताई दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि आत निघून जायच्या. मी मात्र तुमसरचं पत्र आलं की फोडायच्या आधी ते देवापुढे ठेवायचो. ब्रेक लावूनही हा माणूस तसाच उतरतो आहे, आणि या बाईचा हात मागावर तसाच थांबतो आहे, याचा अर्धा दोष मी माझ्याकडे घेऊन बसलो होतो.

ऐंशीचं दशक सरता सरता बैलथकवीवर डांबर आलं, नाकाडोंगरीच्या बाजारात गिरणीच्या साड्या आल्या आणि दादांच्या फेऱ्या आपोआप थांबल्या. सायकल मागाच्या खोलीत खुंटीला गेली. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले आणि गेले तेही आपल्या खाटेवर, सकाळच्या चहानंतर, कुठूनही न पडता. दिवस झाल्यावर ताई मला म्हणाल्या, "भाऊजी, सायकल तुमी न्या. तुमालेच चढता आली थे वाट."

खुंटीवरून सायकल काढताना सीटखालची चामड्याची थैली वाजली. मी ती उघडली. आत पाना होता, सुपारीची डबी होती आणि लुगड्याच्या काठाच्या धाग्यात ओवलेली एक माळ होती. ब्रेकच्या रबरांची. प्रत्येक रबर आतलं लोखंड दिसेपर्यंत झिजलेलं. किती जोड होते ते मी मोजले नाहीत; ओंजळ भरली. मला दाखवलेले कोरे रबर दर वेळी कोरेच का असायचे ते मला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं, आणि इतकी वर्षं छातीवर धरून ठेवलेलं काहीतरी सुटून गेलं.

माळ मी ताईंच्या हातात दिली. हे काय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा सांगितलं. त्यांनी एकेका रबरावरून बोट फिरवलं. नजर बंद पडलेल्या मागाकडे होती.

"म्हंजे आयकत होते म्हना," त्या म्हणाल्या, आणि माळ पदराला पुसून त्यांनी दादांच्या चष्म्याशेजारी कोनाड्यात ठेवली.